मदत हवी आहे : आप्पांना पेसमेकर सांगितलाय, त्यात शॉक बसतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही येळ्ळूरचे. आप्पा ६६ वर्षांचे, उद्यमबागेत त्यांचं वेल्डिंगचं छोटं शेड आहे. महिन्याभरात दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या वेळी होल्डर हातातच होता, पोऱ्यानं मशीन बंद केलं म्हणून निभावलं. ईसीजीत ठोके मिनिटाला ३६. डॉक्टर म्हणाले, कंप्लीट हार्ट ब्लॉक, दोन तारांचा पेसमेकर बसवा.

आम्ही तयार होतो. खरं रविवारी निपाणीहून आत्याचे मालक आले. त्यांच्याही छातीत पेटी आहे. एस्टीत चढताना शॉक बसला, घोड्यानं लाथ घातल्यागत, असं त्यांनी रंगवून सांगितलं. तेव्हापासून आप्पा एकच म्हणतात, "जन्मभर करंट अंगाबाहेर ठेवला, आता आत घालून घेऊ?" संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. ते मी वाचलं, खरं त्यांना समजावताना माझीच गाडी अडते. आणि वेल्डिंगचं काय?

घटप्रभा :
कॅथलॅबमध्ये, म्हणजे पेसमेकर वगैरे बसवतात त्या विभागात, काम करते म्हणून सांगते. तुमच्या पाहुण्यांची पेटी बहुतेक आयसीडी असणार. ठोके जीवघेण्या वेगानं धावू लागले की ती आधी त्याहून भराभर बारीक ठोके देऊन बघते, नाही जमलं तर शॉक देते. त्या दिवशी त्याच शॉकनं ते वाचले असतील! साधा पेसमेकर असा शॉक देतच नाही. आप्पांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खाली पोचत नाही, हाच तो ब्लॉक. एक तार वर, एक खाली. वरचा ठोका ऐकायचा आणि खालच्या कप्प्याला हलकी टिचकी द्यायची, एवढंच. ती जाणवतही नाही. भूल सहसा जागेपुरतीच, पेटी कॉलरबोनच्या खाली. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं जाते, मग पेटी बदलतात. तारा ठीक असल्या तर त्याच राहतात.

वेल्डिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पेटी हृदयाचे ठोके ऐकत असते. जवळच्या आर्कची विजेची खरखर तिला ठोका वाटली तर ती गप्प बसते, आणि पूर्ण ब्लॉक असलेल्या माणसाला ते परवडत नाही. पेटी निवडण्याआधीच डॉक्टरांना धंदा सांगा आणि किती अँपिअरपर्यंत चालेल ते कंपनीकडून लिहून घ्या. एमआरआय चालणारी पेटी आहे का, तेही विचारा.

खानापूरकर :
मला ५ वर्षं झाली. मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात नाही, उजव्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. पहिले काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मी भाताचं पोतं उचलायला गेलो आणि बायकोनं अख्खी गल्ली गोळा केली. पेटीचं कार्ड पाकिटात ठेवा, सांबऱ्याला विमानतळावरही तेच दाखवतो.

मूळ धागाकर्ता :
दोघांचेही आभार. आत्याच्या मालकांकडून कार्डाचा फोटो मागवला. घटप्रभाताई, आयसीडीच निघाली. आप्पांना तो फोटो दाखवला, तर चष्मा लावून दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे त्याचं मशीन मोठ्या अँपिअरचं." गुरुवारी ॲडमिट करतोय. शेडमध्ये सध्या पोऱ्या वेल्डिंग करतो, आप्पा लांब खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतात.