मदत हवी आहे: बॅप्टिस्ट मंडळीत सेवेची कामं सभासदांत वाटायची कशी?

चिटणीस_नवा:

नमस्कार. आमची मंडळी (म्हणजे चर्च) बॅप्टिस्ट पंथाची आहे, सभासद दीडशेच्या आसपास. वार्षिक सभेने यंदा मला चिटणीस केलं. दप्तर हातात आल्यावर कळलं की आमच्या नियमावलीत चौदा समित्या आहेत. इमारत, संगीत, संडे स्कूल, आतिथ्य, सुवार्ता, ग्रंथालय वगैरे. (ग्रंथालय म्हणजे एक कपाट. त्याची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही, पण समिती पाच जणांची आहे.) दरवर्षी नामनिर्देशन समिती बसते, रकाने भरते, सभा हात वर करते आणि वर्षभर राबतात तीच सात-आठ माणसं. एकच गृहस्थ इमारत समितीचे अध्यक्ष, साउंड सांभाळणारे, प्रभुभोजनाची तयारी करणारे आणि संडे स्कूलचे अधीक्षक. ते बाहेरगावी गेले की माइक लावायचा कसा इथपासून प्रश्न.

पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर संदेश दिला. पाळक आणि शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करायला, सगळी सेवा स्वतःच उरकायला नव्हे. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग डीकनांच्या (मंडळीच्या सेवेसाठी निवडलेल्या सभासदांच्या) बैठकीत ठरलं की समित्या बरखास्त करून ‘सेवागट’ करायचे, आणि आराखडा चिटणिसाने आणायचा.

तर आराखडा सुरू कुठून करू? डीकनांच्या बैठकीला समित्या बरखास्त करता येतात का? काही जणांचं म्हणणं आहे की आधी प्रत्येकाकडून कृपादानांची (देवाने कुणाला कुठली क्षमता दिली आहे याची) प्रश्नावली भरून घ्यावी. कुणी ती करून पाहिली आहे का? आणि त्या गृहस्थांचं काय करावं? माणूस अतिशय चांगला आहे, दुखवायचं नाही.

मागचा_बाक:

चौदा समित्यांचे सात गट केलेत तर फलकावरची नावं बदलतील, घाम तेच सात-आठ जण गाळतील. तुमच्याकडे आधी जागा ठरतात आणि मग त्यात बसवायला माणसं शोधतात. नेमकं तेच उलटं करा. नियमावली बाजूला ठेवून सभासदांची वही घ्या आणि एकेका नावापुढे लिहा की हा माणूस आज, कुणी न सांगता, काय करतो. रात्री-अपरात्री दवाखान्यात कुणाला फोन जातो? नवीन कुटुंब आलं की त्यांच्याशेजारी आपणहून कोण जाऊन बसतं? कुठल्या पोराला संगणकातलं कळतं? मंडळीची अर्धी सेवा कुठल्याच समितीत नोंदलेली नसते. ती आधी कागदावर आली की नवीन काय उभं करायचं आणि काय गुपचूप बंद करायचं ते आपोआप दिसेल. ग्रंथालय समिती बंद झाली तर कुणी रडणार नाही याची मी हमी देतो.

आणि कृपा करून व्यासपीठावरून ‘ज्यांना इच्छा आहे त्यांनी उपासनेनंतर भेटावं’ अशी घोषणा नको. त्याला तेच सात-आठ जण उभे राहतात. समोर बसून एकाच माणसाला एकच काम विचारायचं, किती महिन्यांसाठी तेही सांगायचं.

नियमावली_काका:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. डीकनांच्या बैठकीला समित्या मोडता येत नाहीत. सुचवता येतं. समित्या नियमावलीने निर्माण केल्या आहेत आणि नियमावली सभासदांच्या सभेने. आपल्यात वरून आदेश देणारा बिशप नाही आणि बाहेरून निर्णय लादणारी सिनड (अनेक मंडळ्यांवरची धर्मसभा) नाही. मंडळ्यांचा बॅप्टिस्ट संघ असो वा कन्व्हेन्शन, ते मंडळीला सल्ला देतं, मदत करतं, हुकूम सोडत नाही. मंडळीचा कारभार ख्रिस्ताच्या अधीन राहून सभासदांनी चालवायचा, हे आपलं मूळ. तेव्हा दुरुस्तीची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या किती, साधं बहुमत की दोन तृतीयांश, हे तुमच्याच नियमावलीत पाहा आणि तंतोतंत पाळा. घाईत केलेला चांगला बदल पुढच्या भांडणात ‘तो ठराव मुळात वैध होता का’ या एका प्रश्नाने उडतो.

जाता जाता: बैठकीच्या नियमांचं जगभर वापरलं जाणारं पुस्तक १८७६ साली ज्या हेन्री रॉबर्टने काढलं, तो अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर आणि बॅप्टिस्ट. १८६३ मध्ये न्यू बेडफर्डच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका सभेचा अध्यक्ष म्हणून त्याला बसवलं, ती सभा हाताबाहेर गेली आणि तिथून त्याने सभाशास्त्राचा अभ्यास सुरू केला. आमच्या सभांना बसलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

एक इशारा. ‘समित्या वाईट, गट चांगले’ हे सरसकट खरं नाही. हिशेब, नेमणुका आणि मालमत्ता ही तीन कामं समितीकडेच ठेवा. तिथे उत्साहापेक्षा नोंदी, सह्या आणि विचारणा महत्त्वाची. दानपेटी मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं, आणि त्यात खजिनदार नको. संडे स्कूलच्या वर्गावर कायम दोन मोठी माणसं, तीही एका घरातली नसावीत. गट मोकळा असला तरी हे मोकळं सोडायचं नाही.

चिटणीस_नवा:

काका, आभार. नियमावली पाहिली: दोन तृतीयांश, आणि सूचना लागोपाठ दोन रविवारी वाचायची. आमच्या डीकनांना हे माहीत नसावं.

प्रश्नावलीबद्दल कुणी बोललं नाही. दोन डीकनांनी छापायलाही टाकली आहे.

सुईदोरा:

छापली असेल तर भरून घ्या, पण तिच्यावर आराखडा बांधू नका. स्वतःबद्दल ठाम असणारा माणूस ‘नेतृत्व’वर बरोबरची खूण करतो आणि जी बाई खरोखर माणसं सांभाळते ती कागद कोरा परत देते, वर म्हणते ‘मला काय येतं!’ करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दानं सर्वांच्या हितासाठी दिली आहेत असं आहे. हित झालं की नाही ते दुसऱ्यांना कळतं. म्हणून स्वतःबद्दल विचारण्याऐवजी प्रत्येकाला दुसऱ्या दोघांबद्दल विचारा: ‘या माणसामुळे तुम्हाला कधी, कसा आधार मिळाला?’ आमच्याकडे ही उत्तरं प्रश्नावलीपेक्षा कितीतरी कामाची निघाली.

भेटीगाठींचं सांगते, कारण त्यात मी आहे. डीकनांना कुटुंबं वाटून देण्याची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांत पसरली. एका डीकनाकडे साधारण दहा-पंधरा कुटुंबं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पहिली तिमाही जोरात जाते, मग यादी डायरीत राहते. आमची टिकली ती एका बदलामुळे: प्रत्येक डीकनाबरोबर एक बिगर-डीकन सभासद जोडला. भेटींची वही त्याच्याकडे. वहीत उपदेश नाही, फक्त तारीख, कोण भेटलं, पुढे काय करायचं. ‘मोतीबिंदूचं ऑपरेशन, पुढच्या गुरुवारी, सोबत कुणी नाही’ अशी एक ओळ लिहिली की गुरुवारी कुणीतरी सोबत गेलंच पाहिजे, कारण पुढच्या बैठकीत ती ओळ मोठ्याने वाचली जाते.

त्यात एक आजी होत्या, घराबाहेर पडणं बंद झालेल्या. आम्ही त्यांना ‘भेट देण्याच्या’ यादीत टाकलं होतं. त्यांनी सांगितलं, मला भेटायला येऊ नका, मला फोन करायची यादी द्या. आता रविवारी गैरहजर राहिलेल्यांना सोमवारी फोन त्यांचा जातो. पाळकांच्या फोनला लोक कारणं देतात, आजींना खरं सांगतात.

आणखी एक. तुमच्या मंडळीचा सभासदत्वाचा करार काढून वाचा. बऱ्याच बॅप्टिस्ट मंडळ्यांत जो चालतो तो १८५३ च्या जे. न्यूटन ब्राउन यांच्या मसुद्यावर बेतलेला असतो. त्यात एकमेकांवर प्रेमाने लक्ष ठेवू, प्रार्थनेत आठवण ठेवू, आजारपणात आणि संकटात मदत करू अशी वचनं आहेत. म्हणजे आजाऱ्याला भेटणं हे कुठल्याही समितीचं काम कधीच नव्हतं, प्रत्येक सभासदाने आत येतानाच ते कबूल केलं आहे. गटाने फक्त पाळ्या लावायच्या.

मागचा_बाक:

सुईदोराताईंशी एका गोष्टीत असहमत. वही मोठ्याने वाचायची नाही. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाच्या घरात दारू शिरली आहे, हे बैठकीत वाचलं की संध्याकाळपर्यंत सगळीकडे जातं. ज्याचं आहे त्याला विचारूनच.

सुईदोरा:

मान्य, दारूबिरू वहीत नसतंच, ते डीकन आणि पाळक यांच्यात राहतं. तरी विचारून लिहावं हे बरोबर.

निवृत्त_पाळक:

उशिरा वाचलं. तुम्ही इफिसकरांस पत्रापासून निघालात, ते ठीकच, पण आराखडा करणाऱ्याने प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय सावकाश वाचावा. जेवणाच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार आली. प्रेषितांनी स्वतः माणसं निवडली नाहीत. ‘तुम्ही तुमच्यातले सात जण शोधा’ असं समुदायाला सांगितलं, आणि समुदायाने निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. आता त्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, सगळी ग्रीक. याचा अर्थ मी असा घेतो की ज्यांची तक्रार होती, काम त्यांच्याच माणसांच्या हाती दिलं गेलं. तुमच्याकडे जे कायम कुरकुरतात त्यांची यादी करा. गटप्रमुख शोधायला ती वाईट जागा नाही.

दुसरं, पाळकांबद्दल. सेवा वाटून घ्यायची म्हटलं की सतरंज्या आणि साउंड वाटले जातात, वचन मात्र एकट्या पाळकाकडे राहतं. आपली परंपरा इतकी आखडलेली नाही. लंडनचा दुसरा बॅप्टिस्ट विश्वासकबुलीनामा, १६७७ मध्ये लिहिलेला आणि १६८९ मध्ये मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी मान्य केलेला, त्याच्या सव्विसाव्या अध्यायात स्पष्ट म्हणतो की वचनाची घोषणा हे पाळकांचं कर्तव्य असलं तरी ते फक्त त्यांच्यापुरतं बांधलेलं नाही. ज्यांना आत्म्याने दान दिलं आहे आणि मंडळीने पारखून बोलावलं आहे, त्यांनीही ते करावं. तेव्हा बायबल अभ्यास, घरातल्या प्रार्थनासभा, अधूनमधून रविवारचा संदेश, यासाठीही माणसं तयार करा. यात सर्वात अवघड भाग पाळकाने गप्प बसून ऐकण्याचा आहे. मला तो निवृत्त झाल्यावरच नीट जमला.

संडे स्कूलसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर फ्लेक यांनी पाच पायऱ्या सांगितल्या होत्या: कोण येऊ शकतील ते शोधा, त्या मानाने रचना वाढवा, जागा द्या, कार्यकर्ते मिळवून शिकवा, मग लोकांकडे जा. यातला क्रम बघण्यासारखा आहे. वर्ग आणि शिक्षक आधी, विद्यार्थी नंतर. आपण उलट करतो, खोली ओसंडली की शिक्षक शोधतो.

आणि प्रत्येक गटाचं काम एका पानावर मावलं पाहिजे: काम काय, मुदत किती, सभेला न विचारता किती खर्च करता येईल, अडलं तर कुठल्या डीकनाकडे जायचं, आणि हाताखाली कोण शिकतो आहे. पाचवा रकाना रिकामा असेल तर तो गट सुरू करू नका.

चिटणीस_नवा:

सगळं उतरवून घेतलं. सभासदांच्या वहीचं काम सुरू केलं आहे, आणि मागचा_बाक म्हणाले तसंच निघालं: न नोंदलेली सेवा करणारी भरपूर माणसं सापडताहेत, त्यात काही अशी की ज्यांना आम्ही कधी काही विचारलंच नव्हतं. डीकनांना आता वडीलमंडळही (पाळकांसोबत मंडळीवर देखरेख करणारे वडील) हवं आहे, तो विषय सध्या मी पुढे ढकलला.

राहिला तो गृहस्थांचा प्रश्न. आणि ठरावात नेमकं काय लिहू?

निवृत्त_पाळक:

वडीलमंडळ पुढे ढकललंत ते बरं केलंत. काही बॅप्टिस्ट मंडळ्यांत अनेक वडील असतात, काहींत एक पाळक आणि डीकन. दोन्ही चालतं, पण दोन मोठे बदल एका वर्षात नकोत.

त्या गृहस्थांना सभेत अजिबात विचारू नका, घरी जा. ‘तुमचा भार हलका करतो’ असं म्हणू नका, त्यांना ते काढून टाकल्यासारखं लागेल. विचारा, ‘या सगळ्यातलं एकच ठेवायचं झालं तर कुठलं?’ बाकीच्या प्रत्येक कामासाठी त्यांनीच माणूस सुचवायचा आणि सहा महिने त्याला शिकवायचं. माझा अंदाज, ते साउंड ठेवतील.

नियमावली_काका:

ठराव असा करा, शब्द तुमच्या नियमावलीप्रमाणे बदला:

‘ही सभा ठरवते की हिशेब, नेमणुका व मालमत्ता या समित्या वगळून बाकी समित्यांवरील नेमणुका एक वर्षासाठी स्थगित ठेवाव्यात. त्या काळात सोबतच्या यादीतील सेवागटांनी काम करावं. प्रत्येक गटाने दर तिमाहीस सभासदांच्या सभेला अहवाल द्यावा. नियमावलीत कायमची दुरुस्ती करायची की नाही हे पुढील वार्षिक सभेने ठरवावं.’

मात्र तुमच्या नियमावलीत समित्या ‘असतील’ असं बंधनकारक लिहिलं असेल, तर स्थगितीलाही दुरुस्तीइतकंच, म्हणजे दोन तृतीयांश, बहुमत घ्या आणि सूचना दोन रविवारी वाचा. गटांची यादी सूचनेसोबतच लावा, सभेच्या दिवशी वाटू नका.

मागचा_बाक:

आणि त्या कपाटाचं कुलूप तोडायला परवानगी मागणारी एक ओळ त्यातच घालून टाका.