मदत हवी आहे: कैदेतल्या अनिरुद्धाच्या काळात उषेने काय केले?

बाणासुराची कन्या उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांच्यावर मी पाऊण तासाची एकांकिका लिहीत आहे. भागवताच्या दशम स्कंधातील ६२ आणि ६३ हे अध्याय मराठी अर्थासह दोनदा वाचले आहेत. स्वप्नात पाहिलेल्या तरुणाला सखी चित्रलेखेने काढलेल्या चित्रांतून उषा ओळखते, आणि अनिरुद्धाचे चित्र समोर येताच लाजून मान खाली घालते, हा प्रसंग मला फार प्रिय आहे.

अडचण पुढे येते. बाणासुराने नागपाशात बांधलेल्या अनिरुद्धाला पाहून उषा रडते, आणि त्यानंतर कथा थेट द्वारकेत जाते. तिथे पावसाळ्याचे चार महिने शोकात गेल्यावर नारदाकडून वार्ता कळते आणि यादवसेना बाणासुराच्या शोणितपुरावर चालून जाते. युद्ध रंगमंचावर दाखवायचे नाही, त्यामुळे माझे नाटक याच चार महिन्यांत, पित्याच्या आणि प्रियकराच्या मध्ये उभ्या असलेल्या असुरकन्येच्या मनात घडते. तिच्या नावावर निराधार कृती घालण्याची माझी इच्छा नाही.

आसामातील तेजपूरचा अग्निगड आणि उत्तराखंडातील उखीमठ ही स्थळे उषेशी जोडली जातात, एवढे ठाऊक आहे. तेथील लोककथांत किंवा आपल्याकडील कीर्तन-आख्यानांत उषा स्वतः अनिरुद्धाच्या सुटकेसाठी काही करते, असा प्रसंग कोणी ऐकला किंवा वाचला आहे का, आणि असल्यास नेमका कोठे?