‘मन खंबीर ठेवा, गोळ्या सुटतील’ या पोस्टला माझं उत्तर

वडगावची लेक
परवा एका गृहस्थांनी लिहिलं : ‘शुगर, बीपी, हार्ट ही सगळी मनाची दुखणी. मन खंबीर ठेवा, गोळ्या आपोआप सुटतील. हे आता विज्ञानानं सिद्ध झालंय.’ खाली नमस्काराची रांग लागली. मी दोन दिवस गप्प बसले. आता लिहिते.

माझ्या बाबांचा जन्म पॉवरलूमवर गेला. गेल्या वर्षी झटका आला, स्टेंट बसला. घरी आल्यावर माणूस मागाकडे बघेना. जेवण नको, झोप नाही, कुणी भेटायला आलं की डोळे मिटून पडायचे. अशातच कुणीतरी असाच एक निरोप त्यांना वाचून दाखवला. पंधरा दिवसांनी मी कांड्यांचा डबा पुसायला घेतला, तर मागं गोळ्यांच्या पट्ट्या. रक्त पातळ ठेवायची गोळी, जी स्टेंटनंतर एक दिवस चुकवायची नसते, ती अकरा दिवस घेतलेली नव्हती. विचारलं तर म्हणाले, “मन घट्ट करूलोय बघ, गोळी कशाला?”

मनाचा शरीराशी संबंध नाही असं मी म्हणतच नाही. १९९३ मध्ये माँट्रियलला हार्ट अटॅकनंतरच्या २२२ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांना नैराश्य होतं त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका, हृदयाची अवस्था हिशेबात धरूनही, सुमारे चौपट निघाला. पण त्या कागदात गोळ्या सोडा असं कुठं लिहिलंय? आणि ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास, २००४ चा, त्यात हार्ट अटॅकमागची नऊ मोठी कारणं आली. मानसिक ताण त्यातलं एक. तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर ही त्याच यादीत त्याच्या शेजारी आहेत. एक उचलायचं आणि बाकीची आठ झाकून ठेवायची, याला विज्ञान म्हणू नका.

शहापूर जुना
लेकी, गोळ्यांचं म्हणालीस ते शंभर टक्के खरं. खरं तूही अर्धा रस्ता त्यांच्याच बरोबर चाललीस. मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलीत. ‘मनाचं आहे’ हे वाक्य मी रोग्याला जास्त वाईट करताना बघितलंय.

माझ्या थोरल्या भावाला पोटात अल्सर. वीस वर्षं सगळे एकच सांगत होते, टेन्शन घेऊ नको. त्यानं धंदा विकला, मिरची सोडली, दर सोमवारी कपिलेश्वराला गेला. शेवटी निघाला जंतू. मार्शल आणि वॉरन यांना २००५ ला त्याच शोधाचं नोबेल मिळालं. दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकनं भाऊ बरा झाला. वीस वर्षं मात्र स्वतःला दोष देण्यात गेली.

दुसरं. माझ्या बायकोला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा माझ्या देखत तिला एक पाहुणी म्हणाली, ‘सगळं मनात साठवून ठेवतेस, म्हणून झालं.’ ती रात्रभर बसून आठवत होती की काय साठवलं. ‘कॅन्सरचा स्वभाव’, म्हणजे अमुक स्वभावाच्या माणसाला कॅन्सर होतो, असं काही असतं हे सांगणारे हान्स आयझेंक मोठे मानसशास्त्रज्ञ. २०१९ ला लंडनच्या किंग्ज कॉलेजनं चौकशी करून त्यांचे २६ लेख भरवशाचे नाहीत म्हणून जाहीर केलं. तोवर माझी बायको पहिल्यासारखी कधी झाली नाही, आणि आता ती नाहीच.

आणि तुझ्या हार्टचं : २००३ मध्ये २,४८१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. नैराश्यावर समुपदेशन दिलं. उदासी कमी झाली, पण मृत्यू आणि दुसरा झटका तेवढेच राहिले. मग कशासाठी चाललंय हे?

वडगावची लेक
काका, काकूंचं वाचून हात थांबले. त्या पाहुणीला क्षमा नाही.

पण त्या चाचणीतलं ‘उदासी कमी झाली’ हे तुम्ही पटकन ओलांडून गेलात. बाबा पुन्हा जेवायला बसले, नातवाला शाळेत सोडायला निघाले, गोळीची वेळ स्वतः सांगू लागले. आयुष्य वाढलं का, मला माहीत नाही. घरात माणूस परत आला. हे थोडं आहे का? २००० साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात नैराश्य असलेल्या रुग्णांनी उपचार न पाळण्याची शक्यता तिप्पट निघाली. मनाचा धागा शरीराला जोडायला जादू लागत नाही, न घेतलेली गोळी पुरते.

निपाणीकर ६२
ती पोस्ट माझी. गृहस्थ गृहस्थ काय लावलंय, मी इथंच आहे.

मी जगलेलं लिहिलंय. तंबाखूच्या वखारीचं कर्ज होतं तेव्हा माझं बीपी १७० च्या खाली येत नव्हतं. कर्ज फिटलं, पहाटे उठून फिरू लागलो, प्राणायाम धरला, दीड वर्षानं डॉक्टरांनीच गोळी अर्धी केली. हे खोटं आहे का? तुम्ही आकडे वाचा, मी माझं शरीर वाचलंय. लोकांना चार धीराचे शब्द दिले तर त्यात पाप काय?

वडगावची लेक
डॉक्टरांनी अर्धी केली! हेच पोस्टमध्ये असतं तर मी हात जोडले असते. तुम्ही लिहिलंत ‘आपोआप सुटतील’. माझ्या बाबांनी ते तसंच्या तसं केलं.

यळ्ळूरची अक्का
तुमचं भांडण चालू दे, माझा प्रश्न वेगळा आहे. समुपदेशन समुपदेशन म्हणताय, ते कुठल्या भाषेत?

माझी आई बिडी वळते. सूप मांडीवर, मान खाली, हजार बिड्या होईतोवर उठायचं नाही. दम लागतो, छातीत धडधडतं, म्हणून तपासायला नेलं. तिथं नऊ प्रश्नांचा कागद काढला, नैराश्याचा. विचारणारी मुलगी भली होती, पण सगळं कन्नडात. आईला बाजारापुरतं कन्नड येतं. तिनं मान खाली घालून नऊच्या नऊ प्रश्नांना ‘हौदरी’, म्हणजे ‘होय जी’, म्हटलं. नववा प्रश्न होता, मरून जावं असं वाटतं का. घरी येईतोवर तिघे भाऊ रडत होते. आईला विचारलं तर म्हणाली, “मला वाटलं, काम कष्टाचं आहे का विचारूलीय.”

तिचं दुखणं तिच्या भाषेत असं आहे : ‘छातीवर पाटा ठेवल्यागत होतंय, जीव कशात लागत नाही.’ हे कुठल्या रकान्यात बसवणार?

चिकोडी रस्ता
अक्का, आईचं वाईट वाटलं. पण साठ वर्षं कर्नाटकात राहून कन्नड येत नाही, हा दोष प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा नव्हे. प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न आणायचा नाही. पोरं कन्नड शाळेत घाला, प्रश्न मिटला.

यळ्ळूरची अक्का
माझी आई शाळेतच गेली नाही हो! मराठी नाही नि कन्नड नाही. आठव्या वर्षी पत्ती कापायला बसली. तिला कुठल्या शाळेत घालू आता? सीमाप्रश्न मी काढला नाही. आईच्या फायलीत एक चुकीची ओळ पडली, तेवढंच सांगितलं. दुखतं तिथं माणूस आईच्या भाषेत बोलतो. तुमचं कुणी आजारी पडू दे, मग बोलू.

चिकोडी रस्ता
कुणी आजारी पडू दे, हे काय बोलणं झालं? शब्द मागं घ्या.

यळ्ळूरची अक्का
तेवढे शब्द मागं घेते. बाकीचं घेणार नाही.

हुक्केरीचे गुरुजी
दोघंही थांबा. माझी बहीण तिकडं महाराष्ट्रात, जतला दिलीय. तिथं उलटं आहे. खेड्यातल्या कन्नड बायकांना दवाखान्यात मराठीतच विचारतात, त्याही अशाच माना हलवतात. दोन्ही सरकारांकडे बघून बोला.

यावर उपाय शेजारीच झालाय, चोर्ल्याचा घाट उतरला की. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याच भागातल्या साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून समुपदेशक केलं. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राची पदवी नाही. सहा ते आठ बैठका. ४९५ रुग्णांची ती चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांत ६४ टक्के नैराश्यातून बाहेर, नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९. बोलणारी व्यक्ती आपल्या गल्लीतली असली की ‘पाटा ठेवल्यागत’ याचा अर्थ तिला सांगावा लागत नाही. आपल्याकडच्या आशा ताई घराघरात जातातच, त्यांना हे शिकवायला काय हरकत आहे? कन्नड घरात कन्नड, मराठी घरात मराठी. तोवर १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीतही बोलता येतं, फुकट.

शहापूर जुना
गुरुजी, आशांना आधीच कामाचा डोंगर आहे, पगार नाही, मानधन. त्यांच्या डोक्यावर आणखी एक पाटी देऊ नका. पैसे देऊन शिकवणार असतील तर माझी हरकत नाही, एवढंच म्हणतो.

यळ्ळूरची अक्का
आणि जी माणसं आजाऱ्याला सांभाळतात त्यांचं कोण बघणार? आई बरी, पण तिच्यामागं धावून माझीच साखर वर गेलीय.

वडगावची लेक
अक्का, यावर एक अभ्यास माझ्या मनातून जात नाही. १९९५ चा, अमेरिकेतला. स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या दुसऱ्या १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. माणसं थोडी होती, मान्य. काका, हा जंतू नव्हे, आणि यात कुणाचा स्वभावही काढलेला नाही. थकलेल्या बाईची कातडी उशिरा भरते, एवढंच. तिला ‘मन खंबीर ठेव’ सांगून काय उपयोग? तिच्या जागी रात्री दुसऱ्या कुणी तरी बसायला हवं.

शहापूर जुना
हा अभ्यास मला माहीत नव्हता. १३ हा आकडा फार लहान, त्यावर मी घर बांधणार नाही. खरं बायकोच्या शेवटच्या वर्षात माझ्या पायाची जखम चार महिने चिघळत होती. मी साखरेवर घातलं होतं. साखर होतीच. बाकी तू म्हणतेस तेही असेल.

निपाणीकर ६२
सगळं वाचलं. वडगावच्या ताई, तुमच्या वडिलांच्या अकरा दिवसांचं ओझं माझ्यावर येतं असं मी मानत नाही, माझी पोस्ट परवाची आहे. पण तसला निरोप मीही पूर्वी पुढं ढकललाय, हे खोटं बोलणार नाही. ‘गोळ्या आपोआप सुटतील’ हे वाक्य काढलंय. तिथं ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका’ असं घातलंय. प्राणायामाचं काढणार नाही.

वडगावची लेक
प्राणायाम बाबाही करतात. गोळी घेतल्यावर.