ब्रशकटर चोकवर चालतं, चोक काढला की बंद. कार्ब्युरेटर साफ करून भागेल?

बागवाला_तासगाव:
द्राक्षबागेतलं तण काढायचं ४३ सीसीचं टू-स्ट्रोक मशीन. टाकीत पेट्रोल तसंच ठेवून चार महिने पडून होतं. चोक काढून रेस दिली की मरतं. प्लग नवा टाकलाय. मिस्त्री म्हणतो, कार्ब्युरेटरच बदला.

कृष्णाकाठ:
दादा, बदलायची घाई नको. चोक हवा अडवतो, म्हणून चोकवरच चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, नाहीतर कुठून तरी जादा हवा शिरतेय. आधी टाकीचं झाकण सैल करून चालवा. चाललं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, काम संपलं. नाहीतर टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून बदला आणि नळी वाकवून चिरा बघा.

मग कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. एका स्क्रूच्या झाकणाखाली नखापेक्षा लहान जाळी असते, बऱ्याचदा कचरा तिथंच सापडतो. दुसऱ्या बाजूला डायफ्राम म्हणजे पातळ पडदा, त्याखाली पेट्रोल आत सोडणारी नीडल आणि तिचा लिव्हर. लिव्हरखालची स्प्रिंग उडते, म्हणून ताटात काम करा; स्प्रिंग ताणू नका. रबरी भाग सगळे काढल्यावरच क्लीनर स्प्रे मारा, नाहीतर ते फुगतात. भोकांत पिन घालू नका, वायरीतली तांब्याची एकच बारीक तार चालते. एच आणि एल (जास्त आणि कमी रेसचं पेट्रोल ठरवणारे) स्क्रू काढायच्या आधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे गेले ते लिहून ठेवा.

मिरज_स्पेअर:
डायफ्राम बोटाने दाबून बघा. मऊ हवा. पापडासारखा वाजला तर कितीही धुवा, पेट्रोल ओढणार नाही. डायफ्राम-गॅस्केट किट टाका. बसवताना नीडलच्या बाजूला आधी गॅस्केट, वर डायफ्राम. उलटं झालं की लिव्हरची उंची चुकते आणि साफ केलेला कार्ब्युरेटरही हटून बसतो. सगळं जोडूनही तेच झालं तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधलं गॅस्केट बघा, तिथून हवा शिरते.

बागवाला_तासगाव:
जाळीवर हिरवट चिकट थर होता. डायफ्राम वाजतोय, किट आणतो. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल किती घालायचं?

कृष्णाकाठ:
मशीनच्या पुस्तिकेत १:२५ असेल तर लिटरला ४० मिली, १:५० असेल तर २०. अंदाजाने ओतू नका. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.