अनुभव धागा: सेवेसाठी परदेशी राहिलेली जोडपी आणि त्यांचा सोमवार

सगळ्यांना सलाम. आम्ही दोघं पुण्याचे, वानवडीत वाढलो, मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, सेवेसाठी पाठवलं म्हणून ४ वर्षं नैरोबीत राहून आता परत आलोय. इथे जो भेटतो तो कामाचंच विचारतो, उपासनेला किती जण यायचे, रविवारशाळेत किती मुलं, पण रोज काय जेवायचात, दोघं मिळून कधी फिरायला जायचात का, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढला. तुम्ही स्वतः गेला असाल, घरातलं कुणी गेलं असेल, किंवा बाहेरून पुण्यात येऊन राहिलेलं असं जोडपं ओळखीचं असेल तर मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करते. पाळकाच्या, म्हणजे पास्टरच्या, घरी रविवार सुट्टीचा नसतोच, आमची सुट्टी सोमवारी. पहिलं वर्षभर आम्ही ती घेतलीच नाही. खर्च इथल्या लोकांच्या दानातून चालायचा, कुणी पेन्शनमधून महिन्याला ५०० रुपये द्यायचं, आणि त्यातून तिकीट काढून आपण जिराफ बघायला जायचं या विचारानेच पोटात कालवायचं. दान देणाऱ्यांना पाठवायच्या प्रार्थनापत्रात, म्हणजे कामाची खबर देणाऱ्या पत्रात, फिरायला गेल्याचा फोटो टाकायची तर हिंमतच नव्हती. मग एका रात्री कढई कुणी घासायची यावरून भांडण झालं आणि हे म्हणाले, महिना झाला, आपण कामाशिवाय एकमेकांशी काही बोललेलो नाही. त्या सोमवारी करुरा जंगलात गेलो, शहरातच आहे. डब्यात चपात्या आणि सुकुमाची भाजी, ही तिकडची पालेभाजी, मी तिला मेथीसारखी लसणाची फोडणी द्यायचे. धबधब्याजवळ बसून जेवलो, बराच वेळ नुसतेच बसलो. नंतर एकही सोमवार सोडला नाही.

अजून एक. स्वाहिलीत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात, आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. एका आजींनी 'साआ ताटू'ला चहाला बोलावलं, ताटू म्हणजे तीन, म्हणून आम्ही दुपारी ३ ला गेलो. त्या सकाळी ९ पासून वाट बघत होत्या हो. थर्मास तसाच टेबलावर, त्यावर क्रोशाचा रुमाल. चकार शब्द बोलल्या नाहीत, चहा ओतला, कोमट झाला होता, आम्ही दोन-दोन कप प्यायलो.

कोथरूड, निवृत्त शिक्षिका

मी बाहेरून आलेल्यांना घरी मराठी शिकवायचे. एक जर्मन जोडपं बिबवेवाडीला राहायचं, ३ वर्षं माझ्याकडे येत होतं. ळ दोघांनाही जमेना, 'केळी' म्हणायला तिला सहा महिने लागले, पण मंडईत जाऊन भाजी स्वतःच आणायची, दुकानात इंग्रजीत बोलणार नाही म्हणजे नाही. एकदा मेथीची जुडी घेऊन निघताना 'जाते' म्हणाली तर भाजीवाल्या मावशींनी थांबवलं, अगं जाते नाही म्हणू, येते म्हणावं. तेव्हापासून माझ्या दारातून निघताना दोघंही चपला घालता घालता 'येतो', 'येते' म्हणायचे.

त्यांचीही सुट्टी सोमवारचीच. कात्रजचं प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं त्यामुळे तिथे जमायचं, सिंहगडावरही शनिवार-रविवारची गर्दी नसायची, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही निवांत मिळायचं. एकदा मला घेऊन दौंडच्या गाडीने केडगावला गेले, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, त्या १९२२ साली गेल्या आणि ते पूर्ण छापून झालं १९२४ मध्ये, हे मी आयुष्यभर मराठी शिकवूनही मला त्या दोघांकडून कळलं. त्या भाषांतराचं एक पान ती मोठ्याने वाचत होती, अडखळत, बोट ठेवून. माझ्या वर्गातली इतकी मुलं डोळ्यासमोर येऊन गेली.

पिंपरी

माझा मुलगा आणि सून कंपालाला आहेत. तिकडे आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून मी रात्री साडेदहाला फोन करते, तेव्हा त्यांचे ८ वाजलेले असतात. सून सांगते की बोडाबोडा म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, तिच्यावर मागे बसून ती दवाखान्यात रुग्णांना भेटायला जाते, मला ऐकूनच धडधडतं. रस्त्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात त्याला रोलेक्स म्हणतात, मुलाला फार आवडतं. मध्ये दोघं विषुववृत्तावर जाऊन आले, एक पाय उत्तरेला एक दक्षिणेला असा फोटो पाठवला. आमच्या महिला संघातल्या एक बाई फोटो बघून म्हणाल्या, मजा आहे हो त्यांची. मला फार लागलं ते. नाताळला ३ वर्षं घरी आलेले नाहीत, सून तिकडे एकटीने करंज्या करते, सारण ढवळताना मला व्हिडिओवर धरून ठेवते, रंग बरोबर आलाय का विचारते. त्यांनी एक दिवस हसून काढला तर कुणाचं काय गेलं?

येरवडा

आम्ही दोघं जानेवारीत निघतोय, लग्नाला ८ महिने झालेत, पहिल्यांदाच देशाबाहेर. ताई, कुकर न्यावा का? वजनात बसवायचं म्हणजे पुस्तकं काढावी लागतील.

वानवडी

कुकर न्या, रिंग आणि शिट्टी जास्तीची घ्या. पुस्तकं मागून कुणाबरोबर तरी येतील. आणि सुट्टीचा वार कुठला ते निघायच्या आधीच मंडळीकडून लिहून घ्या, आमचं तेवढंच राहून गेलं होतं.