मदत हवी आहे: फुटबॉलच्या मॅचला माणसं कशी आणायची?

मंडळी, सोलापुरात आम्ही मुलांना फुटबॉल शिकवतो. आता एक छोटी स्पर्धा भरवतोय. आमच्या पोरांचा देव म्हणजे भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री. जून 2018 मध्ये मुंबईत भारतानं चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) 5-0 नं हरवलं, छेत्रीनं हॅटट्रिक केली, पण स्टँड जवळजवळ रिकामे होते. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्विटरवर व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. आणि 4 जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात स्टेडियम फुल्ल!

आमच्याकडे छेत्री नाही, पण पोरं जीव तोडून खेळतात. रील टाकले की लाइक येतात, मैदानावर मात्र पालकसुद्धा मोजकेच.

कुणी असं आवाहन करून खरंच गर्दी जमवलीय का? व्हिडिओ किती आधी टाकायचा? शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी तो तेलुगूतही करावा असं मला वाटतं. तेलुगूत नीट बोलणारं कुणी मदत करेल का? मुलं लहान आहेत, तेव्हा चेहरे दाखवण्याआधी पालकांकडून लेखी परवानगी घेणारच आहोत. तिचा नमुना कुणाकडे असेल तर प्लीज पाठवा.