रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपण भर घालावी का?

स्फटिकवेडा: परवा आमच्या गटात वाद झाला. एकाचं म्हणणं, प्रथिनांची रचना बघायला तयार सॉफ्टवेअर आहे, ते वापरा. कोडमध्ये हात घालणं आपलं काम नाही. मला हे अजिबात पटत नाही.

पायमॉल या रेणूंची चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आमची एक जुनी स्क्रिप्ट आहे. बी-फॅक्टर कमी तिथे निळा रंग, जास्त तिथे लाल. बी-फॅक्टर जास्त म्हणजे त्या अणूच्या जागेची खात्री कमी. एका विद्यार्थिनीने हीच स्क्रिप्ट अल्फाफोल्डच्या, म्हणजे प्रथिनाची रचना वर्तवणाऱ्या एआय प्रणालीच्या, भाकितावर चालवली. घट्ट गाभा लालभडक आणि मोकळं लोंबणारं टोक निळंशार! अल्फाफोल्ड फाइलमधल्या बी-फॅक्टरच्याच रकान्यात ० ते १०० असा आपला विश्वासांक लिहितं, आणि तिथे जास्त म्हणजे चांगलं. चित्र देखणं आणि नेमकं उलटं. स्क्रिप्ट समोर होती म्हणून दहा मिनिटांत उलगडा झाला. मग ५०, ७० आणि ९० असे टप्पे धरून नवी कमांड लिहिली आणि पायमॉलला जोडली. बंद सॉफ्टवेअरमध्ये हे कुठून जमणार?

निळीसावली: चूक स्क्रिप्टची नव्हती, रकान्यात काय भरलंय ते न बघण्याची होती. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होते.

माझा अनुभव ऐका. आमच्या एका सीनियरने प्रथिनांतल्या पोकळ्या मोजणारं सुरेख प्लगइन लिहिलं होतं, पायथन २ मध्ये. तो शिकून गेला, २०२० मध्ये पायथन २चा आधार संपला, आणि माझ्या प्रबंधातल्या तीन आकृत्या अडकल्या. दोन महिने मी संशोधन बाजूला ठेवून दुसऱ्याचा कोड उसवत बसले. लिहिणारा मोकळा होतो, निस्तरतो मागचा.

स्फटिकवेडा: त्रास खराच. पण कोड हाती होता म्हणून निदान निस्तरता तरी आलं. पायमॉल लिहिणारे वॉरन डिलानो २००९ मध्ये वारले, पुढच्या वर्षी ते श्रोडिंगर कंपनीकडे गेलं, तरी खुली आवृत्ती आजही चालू आहे.

अणुगोत्र: अणूंमधल्या बंधांचं कुणी बोललंच नाही. पीडीबी फाइलमध्ये, म्हणजे रचनेतल्या अणूंच्या जागा नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, नेहमीच्या अमिनो आम्लांमधले बंध लिहिलेलेच नसतात, त्यामुळे बरेच व्ह्यूअर अंतर मोजून अंदाजाने रेघ ओढतात. जस्ताच्या आयनाभोवती एकात चार रेघा, दुसऱ्यात एकही नाही, असं होऊ शकतं. असं का, हे कोड वाचल्यावरच नीट समजतं.

आणि मोफत म्हणजे खुलं नव्हे. कायमेराएक्स हा व्ह्यूअर शिक्षण-संशोधनाला मोफत आहे, पण व्यावसायिक वापराला वेगळा परवाना लागतो. मोलस्टार हा दुसरा व्ह्यूअर एमआयटी परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वापरावा, बदलावा. भर घालायचीच तर तशा प्रकल्पात, आणि ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. आपल्याच फोल्डरमध्ये ठेवली की निळीसावलींसारखी कुणाची तरी गत होते.

निळीसावली: तत्त्व मान्य. पण मूळ प्रकल्पात घ्यायचं तर चाचण्या हव्यात, कागदपत्रं हवीत, परीक्षकांच्या शंकांना उत्तरं हवीत. या कामाचं श्रेय प्रबंधात कोण मोजतं? गाइडने ते मोजायचं ठरवलं तर मी पहिली पुढे येईन. तोवर माझ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगते: स्क्रिप्ट लिहा, पन्नास ओळींच्या आत. प्लगइन नको.

स्फटिकवेडा: आमची कमांड बारा ओळींची आहे. सोबत दोन नमुना फाइली ठेवल्यात, एक अल्फाफोल्डची आणि एक क्रॅम्बिनची, ४६ अमिनो आम्लांची छोटी प्रायोगिक रचना. पहिलीवर रंग बरोबर यायला हवेत, दुसरीच्या रकान्यात विश्वासांक नसून बी-फॅक्टर आहे, म्हणून तिच्यावर कमांडने नकार द्यायला हवा. नवी आवृत्ती आली की आधी दोन्ही चालवून बघतो. एवढी राखण करायची माझी तयारी आहे. तुमचं पोकळ्यांचं प्लगइन पाठवा, त्यालाही अशाच फाइली जोडून देतो.